अडकलेला दिवा व फुटलेला दिवा

विजेचा दिवा होल्डरमधून निघत नाही, अथवा काढू जाता काच हातात येते आणि धातूची टोपी होल्डरमध्येच राहते, हा प्रसंग आता खानदेशातील कोणत्याही खेड्याला नवा नाही. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत तो विशेष घडतो. वर्षभर कोणाचा हात न लागलेला ओसरीवरचा दिवा त्या आठवड्यात उतरविला जातो आणि नेमका तोच अडून बसतो. अशा वेळी शेजारी विचारणा करावयास येतात ते बहुधा शिक्षकाकडे. कारण वायरमन तालुक्याच्या गावी आणि गुरुजी मात्र गल्लीच्या टोकाशी. शिवाय घरी आईने वा आजीने हा उद्योग आरंभिला, तर खाली उभे राहून खुर्ची धरणारे मूल आपल्याच वर्गातील असते. सबब या किरकोळ वाटणाऱ्या विषयाची शास्त्रीय बाजू शिक्षक बंधुभगिनींना नीट अवगत असणे इष्ट आहे.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांना वीज परकी नाही. भुसावळजवळच्या दीपनगरात कोळशावर वीज निर्माण होते. साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे आणि त्याच तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. परंतु ती वीज घरात ज्या दोन अंगुळांच्या जागेत दिव्याला भेटते, त्या होल्डरची रचना किती जणांनी उघडून पाहिली असेल, याची मला शंकाच आहे.

आपल्याकडील बहुतेक घरगुती होल्डर पिनचे असतात. दिव्याच्या टोपीचा व्यास २२ मिलिमीटर असून तिच्या दोन बाजूंना दोन बारीक खुंट्या असतात. होल्डरच्या कड्याला दोन खाचा असतात. त्या प्रथम सरळ वर जातात व मग आडव्या वळून किंचित खाली येतात. होल्डरच्या आत स्प्रिंगवर बसविलेल्या दोन पितळी पिना असतात. दिवा वर दाबला की स्प्रिंगा दबतात, फिरविला की खुंट्या वळणात शिरतात, आणि हात सोडला की स्प्रिंगा दिव्यास खाली रेटून त्या वळणात जखडून ठेवतात. बंदुकीला संगीन लावण्याची पद्धत हीच असल्याने इंग्रजीत या रचनेला बायोनेट हे नाव पडले. इंग्रजांच्या देशात ही पद्धत रूढ होती, म्हणून ती आपल्याकडे आली. अमेरिकेत व युरोपच्या बहुतेक भागांत मळसूत्री आट्यांचा दिवा वापरतात. हल्ली शोभेच्या झुंबरांतून व भिंतीवरच्या दिव्यांतून आट्यांची जातही आपल्या बाजारात आली आहे.

ही रचना लक्षात आली की दिवा का अडतो हे आपोआप उलगडते. पिनचा दिवा नुसता फिरवून निघत नाही. आधी तो वर दाबावा लागतो. 'अडकला' म्हणून सांगितलेल्या दिव्यांपैकी पुष्कळसे वस्तुतः अडकलेले नसतातच. माणूस उंचावर अवघडून उभा असतो, दिवा लोंबत्या होल्डरात असतो, वर दाबावे तो होल्डरच वर सरकतो. मग तो दाब सोडून देतो आणि नुसता पीळ देत राहतो. एका हाताने होल्डर घट्ट धरला व दुसऱ्याने दिवा वर रेटला, तर त्यातील बरेच दिवे सहज सुटतात.

खरोखर अडकलेल्या दिव्याची कारणे निराळी. वर्षानुवर्षे चुलीचा धूर, पिठाची व कापसाची धूळ, आणि पावसाळ्यातील दमट हवा यांचा एकत्र थर खाचांत बसतो. टोपीच्या व कड्याच्या धातूवर गंज चढतो. स्प्रिंग दुबळी झाली की पिन टोपीवरील टाक्याला नीट टेकत नाही, मधल्या फटीत बारीक ठिणगी उडत राहते, टाक्याची कल्हई वितळते आणि पिन तिला चिकटून बसते. दिवा मधूनमधून फडफडतो किंवा होल्डरमधून चरचर आवाज येतो, तो याच अवस्थेत. बॅकेलाइटचा होल्डर उष्णतेने ठिसूळ होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली किती ताप साचतो हे सांगावयास नकोच. शेवटचे कारण तारेच्या जुन्या दिव्याचे. त्यातील टंगस्टनची तार सुमारे २५०० अंश सेल्सिअस इतकी तापते. या उष्णतेने काच व टोपी जोडणारा लेप वर्षानुवर्षे भाजून भुसभुशीत होतो. म्हणून पीळ देताच काच हातात येते आणि टोपी वर राहते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बटण बंद केले म्हणजे होल्डर निर्जीव झाला, असे मानणे धोक्याचे आहे. घरात विजेच्या दोन तारा येतात. एक फेजची व दुसरी न्यूट्रलची. बटण फेजच्या तारेवर असावयास हवे. परंतु हौशी हातांनी केलेल्या जोडणीत ते न्यूट्रलवर बसविल्याचे अनेक घरांत आढळते. दोन्ही प्रकारांत दिवा सारखाच लागतो व सारखाच विझतो, म्हणून चूक कोणाच्या ध्यानात येत नाही. मुलांना हे समजावण्यास पांझरेकाठच्या फडांचा दाखला उपयोगी पडतो. बंधाऱ्याजवळचे पाटाचे तोंड बंद केले तर पाट कोरडा पडतो. ते उघडे ठेवून पाटाचे शेवटचे टोक बुजविले तर पाणी वाहत नाही हे खरे. पण पाट काठोकाठ भरलेलाच राहतो, आणि जो कोणी काठ फोडील त्याच्या अंगावर ते पाणी येते. न्यूट्रलवरचे बटण म्हणजे शेवटी बुजविलेला पाट होय. बटण बंद असूनही एलईडी दिवा रात्री मंद मिणमिणत असेल, तर या दोषाचा संशय घ्यावा. बटणातच बारीक दर्शक दिवा असला किंवा तारा लांबवर शेजारी-शेजारी गेल्या असल्या तरीही असे घडू शकते. तथापि तपासून घेणे बरे.

घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट. कोरड्या कातडीचा रोध पुष्कळ असतो. पण अंग घामाने वा पाण्याने भिजले की शरीराचा रोध सुमारे १००० ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. ओहमच्या नियमाने २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपियर, अर्थात २३० मिलिअँपियर प्रवाह झाला. सुमारे १० मिलिअँपियरच्या पुढे स्नायू आखडून धरलेली वस्तू सोडता येईनाशी होते, आणि ५० मिलिअँपियरच्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका संभवतो. गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे उपकरण ३० मिलिअँपियरला चालू व्हावे असे ठेवतात, ते याच हिशेबाने. नऊ वॅटच्या दिव्यातून अवघा ४० मिलिअँपियरच्या आसपास प्रवाह वाहतो. 'एवढ्याशा दिव्याने काय होणार' असे म्हणणाऱ्यास हे गणित फळ्यावर करून दाखवावे. दिवा लहान असला तरी त्यामागील तार लहान नसते.

म्हणून दिव्याला हात घालण्यापूर्वी मीटरजवळचा मेन स्विच बंद करावा. घरात इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करावा. भारनियमनामुळे तो आता पुष्कळ घरांत आला आहे, आणि मेन स्विच बंद होताच तोच होल्डरला वीज पुरवू लागतो, हे फार थोड्यांना सुचते. टेस्टर असल्यास प्रथम तो एखाद्या चालू सॉकेटमध्ये लावून पेटतो याची खात्री करावी, मग मेन बंद करून होल्डरजवळ लावावा. कारण बिघडलेला टेस्टरही पेटत नाही. हे काम दिवसाउजेडी करावे. ज्या घरात वीज आकड्याने घेतलेली आहे तेथे बंद करावयास मेन स्विचच नसतो. तेथे शिक्षकाने हात घालू नये, व मुलांनाही घालू देऊ नये. कायद्याचा प्रश्न वेगळा. येथे मी केवळ जिवाचा विचार सांगत आहे. मीटरच्या अलीकडची, म्हणजे खांबाकडून येणारी तार ही तर सर्वस्वी महावितरणच्या कर्मचाऱ्यांची बाब आहे.

दिवा नुकताच विझला असेल तर दहा मिनिटे थांबावे. पायात कोरडी चप्पल घालून, न डगमगणाऱ्या लाकडी स्टुलावर उभे राहावे. लोखंडी पलंग व लोखंडी शिडी टाळावी. दिव्याभोवती जाड कोरडे फडके गुंडाळावे, होल्डर दुसऱ्या हाताने धरावा, आणि दिवा वर दाबून, खालून वर पाहणाऱ्याच्या दृष्टीने घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा. न सुटल्यास जोर वाढवू नये. दोनचार वेळा केवळ वर दाबून सोडावे, म्हणजे खाचेतील थर मोकळा होतो. मग किंचित पुढे, किंचित मागे असे हलवावे. इतक्यानेही न सुटल्यास होल्डरवरील बाहेरचे कडे आट्यांचे आहे का पाहावे; ते फिरवून काढता आले तर दिवा पुष्कळदा सुटतो. तेही न जमल्यास दिव्यासकट होल्डरच बदलून टाकावा. होल्डरची किंमत ती काय! पण त्याच्याशी झगडताना काच तळहातात शिरल्याची उदाहरणे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील.

काही जण खाचांत खोबरेल सोडतात. त्याने त्या वेळी दिवा निघतो, परंतु तेलावर धूळ बसून पुढच्या खेपेस तो अधिक घट्ट अडतो. रॉकेल तर मुळीच वापरू नये.

काच फुटून टोपी वर राहिली असेल, तर अर्धा कापलेला बटाटा खुपसून फिरवावे, असा एक उपाय सर्वत्र सांगितला जातो. तो मुळात आट्यांच्या दिव्यासाठी आहे; तेथे नुसते फिरविणे पुरते. आपल्या पिनच्या होल्डरात स्प्रिंगच्या विरुद्ध वर रेटावे लागते, त्यात बटाटा चुरतो, त्याचा रस पिनांवर उतरतो आणि पुढच्या गंजाची पेरणी होते. एका बैठकीत हा उपाय निघाला असता, 'आमच्याकडे बटाट्यापेक्षा वांगी मुबलक, ती चालतील का?' असे एका शिक्षकाने गंभीरपणे विचारले होते. जळगावची वांगी भरितासाठीच राहू द्यावीत. येथे योग्य हत्यार म्हणजे रबरी मुठीची, लांब चोचीची पक्कड. मेन स्विच बंद असल्याची पुन्हा खात्री करून, डोळ्यांवर चष्मा लावून, खाली जुने गोणपाट अंथरून काम सुरू करावे. उरलेली काच पकडीने हलकेच मोडून काढावी. मग पकडीची चोच टोपीच्या आत घालून दांडे फाकवावेत, म्हणजे चोच आतून टोपीला घट्ट बसते. तशीच वर दाबून फिरवावी. आतून पकड मिळत नसेल, तर टोपीची कड चिमटीत धरून आत वळवावी व मग फिरवावे. नवा दिवा लावण्यापूर्वी पिना बोटाने दाबून पाहाव्यात. दाबलेली पिन उसळून वर येत नसेल, अथवा होल्डरच्या आत काळे पडले असेल, तर त्यात नवा दिवा लावणे व्यर्थ होय.

खानदेशात या विषयाला आणखी एक बाजू आहे. कापसाच्या वेचणीनंतर भाव चढेपर्यंत कापूस घरातच साठवितात. राहत्या खोलीत छपराच्या आढ्यापर्यंत गंजी लागते आणि मधला दिवा तिच्यात जवळजवळ बुडून जातो. तारेच्या पेटत्या दिव्याची काच शंभर अंशांहून कितीतरी अधिक तापते. हवेत ती उष्णता निघून जाते. कापसाने वेढलेल्या दिव्याला मात्र ती बाहेर टाकता येत नाही, आणि टेकलेला कापूस आतल्या आत धुमसू लागतो. त्यातच दिवा फुटला तर तापलेली तार अथवा होल्डरमधील ठिणगी सरळ कापसावर पडते. त्याच खोलीत रात्री मुले झोपलेली असतात. गंजी लावण्यापूर्वी त्या खोलीतील दिवा उतरवून, होल्डरची वीज तोडून, उजेडाची सोय दाराबाहेर करावी, हे पालकसभेत दसऱ्याच्या सुमारास अवश्य सांगावे. वेचणी संपल्यावर सांगून उपयोग नाही.

एलईडी दिव्यांनी तारेच्या दिव्यांची जागा बहुतांशी घेतली आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक असे दिवे वाटले गेले. नऊ वॅटचा एलईडी तारेच्या ६० वॅटच्या दिव्याइतका उजेड देतो, तो फारसा तापत नाही, आणि त्याचा घुमट बहुधा प्लास्टिकचा असल्याने काचेचा धोकाही कमी झाला. परंतु एक नवीन धोका आला आहे, त्याची जाणीव अद्याप कोणास नाही. घुमट टोपीपासून निखळतो, तरी दिवा पेटतच राहतो. मग तो तसाच उघडा वापरला जातो. आतल्या पांढऱ्या चकतीवर जे पिवळे ठिपके दिसतात, ते अनेक स्वस्त दिव्यांत घरातील २३० व्होल्टच्या तारांशी सरळ जोडलेले असतात. मध्ये आडोसा नसतो. हात पोहोचेल अशा उंचीवर, न्हाणीघरात किंवा गोठ्यात असा दिवा लावणे म्हणजे उघडी तार टांगून ठेवणे होय. शाळेतील विज्ञानप्रदर्शनासाठी मुले मोडके एलईडी दिवे उकलून आणतात. त्यांची चिकित्सा कौतुकास्पद आहे. परंतु ते पुन्हा घरच्या विजेवर लावून पाहण्यास सक्त मनाई करावी. प्रयोग टॉर्चच्या सेलवर करावेत.

काच गोळा करण्यासंबंधी आपल्या खेड्यांत फार हयगय होते. फरशीवरची काच दिसते. सारवलेल्या जमिनीच्या भेगांत शिरलेली दिसत नाही, आणि पुढच्या सारवणाच्या वेळी ती हाताला लागते. मोठे तुकडे जाड पुठ्ठ्याने उचलावेत, व बारीक कचऱ्यासाठी मळलेल्या कणकेचा गोळा किंवा ओले वर्तमानपत्र जमिनीवर दाबून फिरवावे. तो गोळा गुरांपुढे टाकू नये. घरच्या केरसुणीने ही काच झाडू नये; तिच्या काड्यांत राहिलेले कण दुसऱ्या दिवशी अंथरुणाच्या जागी पसरतात. आणि काच उकिरड्यात तर कदापि टाकू नये. उकिरड्याचे शेणखत उन्हाळ्यात गाडीने शेतात जाते, आणि त्यातील काच अनवाणी निंदणी करणाऱ्या बाईच्या पायात दोन पावसाळ्यांनंतरही शिरू शकते.

सीएफएल व ट्यूबलाइट यांची गोष्ट वेगळी, कारण त्यांत पारा असतो. सीएफएलमध्ये तो काही मिलिग्रॅम, म्हणजे ताप पाहण्याच्या जुन्या काचेच्या तापमापीतील पाऱ्याच्या मानाने अत्यल्प असतो. त्यामुळे एक दिवा फुटल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण पाऱ्याची वाफ श्वासावाटे आत जाते व लहान मुलांना ती अधिक बाधते. दारे-खिडक्या उघडून, पंखा बंद करून, सर्वांनी पंधरा मिनिटे खोलीबाहेर जावे. नंतर पुठ्ठ्याने तुकडे, चिकटपट्टीने भुकटी व शेवटी ओल्या फडक्याने जमीन टिपून, ते सर्व फडक्यासह घट्ट झाकणाच्या बरणीत बंद करावे. असे दिवे चुलीत अथवा होळीत टाकू नयेत. २०१६ च्या नियमांपासून पारायुक्त दिव्यांची गणना ई-कचऱ्यात होते. तेव्हा ते संकलन करणाऱ्या केंद्राकडेच जावयास हवेत.

एका शाळेच्या तपासणीस गेलो असता मी पाहिले, की वर्गातील दिवा बदलण्यास शिक्षकांनी उंच म्हणून सातवीतील एका मुलास दोन बाकांवर चढविले होते. बाहेर पाऊस होता, भिंत ओलसर होती, मुलगा अनवाणी होता. बटण बंद होते. मेन स्विच कोठे आहे हे मात्र शाळेत कोणासच ठाऊक नव्हते. तो शोधण्यास आम्हाला वीस मिनिटे लागली. मोडक्या कपाटामागे, जाळ्याजळमटांत तो होता. मुलास खाली उतरविले तेव्हा त्यास वाईटच वाटले, कारण ते काम त्यास मानाचे वाटत होते. हा मान विद्यार्थ्यास देऊ नये. शाळेतील दिवा वायरमनने, अथवा मेन स्विच बंद करून मोठ्या माणसाने बदलावा, असा दंडक मुख्याध्यापकांनी पाळावा. आणि मेन स्विचच्या पेटीपुढे कपाट, बाके वा तांदळाची पोती रचू नयेत. कोणास धक्का बसलाच, तर त्यास हात न लावता आधी मेन स्विच बंद करावा. ते अशक्य असल्यास कोरड्या लाकडाने त्यास तारेपासून दूर ढकलावे, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. या क्रमात फरक झाल्याने एकाच्या जागी दोघे दगावतात.

वर्गात शिकविण्यास खर्च काही नाही. कोणत्याही तारेला न जोडलेला एक रिकामा होल्डर व एक बंद पडलेला एलईडी दिवा घ्यावा. मुलामुलींनी आळीपाळीने दिवा लावावा व काढावा. पुढे डोळे मिटून काढावा, कारण घरी हे काम अंधारातच पडते. दाबा, फिरवा, ओढा, हे तीन शब्द मुलांच्या तोंडी बसवावेत. अहिराणी, लेवा वा पावरा बोलणाऱ्या मुलांनी ते आपापल्या घरच्या बोलीत म्हणावेत, म्हणजे ते आईपर्यंत पोहोचतील. मुलींना यातून वगळू नये. पुरुषमंडळी शेतावर रात्रीच्या पाळीचे पाणी भरावयास गेली असता घरचा दिवा बदलणारी तीच असते. मग प्रत्येकाने घरी जाऊन मेन स्विचची जागा शोधावी व दुसऱ्या दिवशी वहीत घराचा नकाशा काढून ती दाखवावी. या नकाशांतून किती घरांत मेन स्विचच नाही हेही शिक्षकास कळून येईल. ती नावे वर्गात वाचून दाखवू नयेत, पालकांशी एकांतात बोलावे.

शाळेच्या कपाटात एक टेस्टर, एक लांब चोचीची पक्कड, जाड फडके व झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवावा. गावातील फुटके दिवे या डब्यात जमा करता येतील. सीएफएल व ट्यूबचे तुकडे त्यात सुटे न टाकता बंद बरणीतच ठेवावेत आणि तालुक्याच्या गावी जाणे होईल तेव्हा सोबत न्यावेत. डबा मुलांच्या हाताबाहेर, पण नजरेसमोर असावा. त्यावर मोठ्या अक्षरांत 'काच' असे रंगवावे. पहिलीतल्या मुलालाही तेवढे वाचता येते.